युनिट दोनचा गार्ड

श्रीकांत तळगावकर सरांसमोर कोणी 'खेळणी' हा शब्द काढला की त्यांचं डोकं फिरायचं. कथलात ओतलेली, हाताने रंगवलेली, अडीच बोटं उंचीची ती माणसं म्हणजे लघुसैनिक आहेत, हे त्यांनी सिल्वासातल्या निदान दोनशे लोकांना समजावलं असेल. त्यातल्या एकशे नव्वद जणांनी मान डोलावली आणि घरी जाऊन सांगितलं, की ड्रॉइंगचे सर म्हातारपणी खेळणी करत बसलेत.

सर मूळचे मालवणकडचे. इथल्या मराठी शाळेत चित्रकला शिकवायला आले, ते निवृत्त होऊनही आमलीतल्या फ्लॅटात राहिले. बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आणि त्यात त्रेसष्ट सैनिक. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेतला शिपाई, पेशव्यांचा गारदी, मेसोपोटेमियात गेलेला मराठा पलटणीचा जवान, पोर्तुगीज काळात सिल्वासाच्या ठाण्यावर उभा असलेला पोलीस. गारद्याच्या डगल्याला गुंड्या किती, एवढ्यासाठी सरांनी पुण्याला तीन खेपा घातल्या होत्या. पुरावा नाही तर पुतळा नाही, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई म्हणत, की या माणसाला माझ्या साडीचा रंग विचारा, सांगता यायचा नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्याच्या पट्ट्याचं बक्कल पाठ.

दर वर्षी दोन ऑगस्टला, मुक्तिदिनी, सर ते सैनिक कपाटासकट गावातल्या एका सभागृहात मांडत. तिथे झाडलोट करणारी बायडाबाई त्या वर्षी कपाटापुढे बराच वेळ उभी होती. सरांनी तिला पाहिलं ते 'काचेला हात लावू नका' हे सांगण्यापुरतं. दिवाळी झाल्यावर एका रविवारी सकाळी तीच त्यांच्या दारात चपला काढून उभी राहिली. पन्नाशीची, बागलाणातली, सटाण्याजवळच्या एका खेड्यातून पंधरा वर्षांपूर्वी आलेली, डोकमर्डीत भाड्याच्या खोलीत राहणारी.

"सर, माझ्या पोराचा वीर करायचाय," ती म्हणाली.

कोकणातल्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून तिने समजावून सांगितलं. तिकडे घरातला कोणी अवेळी, झुंजून गेला की त्याचा वीर बसवतात. सोनार चांदीच्या पत्र्यावर टाक ठोकून देतो, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. तो देवघरात इतर वीरांच्या शेजारी बसतो. धुळवडीला सगळ्यांना वाटीत घालून वाजतगाजत नदीवर नेतात, घासूनपुसून आंघोळ घालतात आणि घरी आणतात.

"सोनाराकडे गेलते. तो म्हणे साचा एकच, घोडा नि तलवार. माझा गोकुळ कधी घोड्यावर बसला नही, सर. तुमच्या कपाटात सगळे आपापल्या ड्रेसात उभे पाह्यले. मला तो त्याच्या ड्रेसात पाहिजे."

सर सावरून बसले. असं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतं. त्यांनी वही उघडली.

"कशात होता मुलगा?"

"गार्ड व्हता."

"कंपनी कोणती?"

"युनिट दोनला व्हता. तीन वर्सं."

"आणि गेला कसा?"

"फायर झालं ना सर. ड्यूटीवर व्हता. सुभेदारसाहेब घरी आलते, म्हणे शेवटपर्यंत पोस्ट सोडली नही तुमच्या पोराने."

सरांचा आवाज खाली आला. गणवेशातला एखादा फोटो आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हता. ड्रेस दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून जमा करून घेतला होता. सरांनी मान हलवली. सरकारी मालमत्ता, नियम तो नियम. तिने पदराच्या गाठीतून आधार कार्डाची झेरॉक्स काढली. काळ्या डागातून एक तरणा चेहरा कसाबसा दिसत होता.

मग ती खाली बघून म्हणाली, "बंद पिशवीत दिला त्यांनी. चेन लावलेली. उघडू नका म्हणे, पाहण्यासारखं नही. तसाच नेला. आईच्या हातची आंघोळबी नही भेटली त्याला. वीर झाला की धुळवडीला नदीवर नेऊन घालता येईल. तेवढं राह्यलंय माझं. होईल ना सर, धुळवडीपर्यंत?"

"होईल," सर म्हणाले. चहा घेऊन आलेल्या प्रमिलाताई कप हातात धरून तशाच उभ्या होत्या.

सर त्या दिवसापासून दुसरं काही बोलेनासे झाले. गार्ड म्हणजे गार्ड्स रेजिमेंट, त्यात शंका कसली? त्यांनी पुस्तकं काढली, ओळखीच्या एका निवृत्त कर्नलला फोन केले, टोपीवरच्या गरुडाचा बिल्ला भिंगाखाली पंधरा दिवस कोरला. रायफलीचा पट्टा केसाएवढा बारीक आला. गणवेशाच्या हिरव्या रंगाच्या तेरा छटा करून बघितल्या आणि बारा फेकून दिल्या. चेहऱ्यावर मात्र ते अडले. झेरॉक्समधून डोळे सापडत नव्हते. शेवटी त्यांनी चेहरा जरा करारी ठेवला, सीमेवरच्या माणसाला शोभेल असा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चौसष्टावा सैनिक तयार झाला, आणि सरांचं मत विचाराल तर आधीच्या त्रेसष्टांपेक्षा सरस झाला.

बायडाबाई आली. मोरीत जाऊन तिने हात धुतले, पदराला पुसले आणि पुतळा दोन्ही तळव्यांत घेतला. खिडकीकडे वळून बराच वेळ बघितला.

"लई देखणा झालाय," ती म्हणाली. मग अवघडून, "सर, बंदूक कशाला दिली?"

"गार्ड आहे ना तो. रायफल असणारच."

"एटीएमवाल्याला असते, सर. गोकुळला नव्हती. त्याला शिट्टी व्हती."

सर हसले. रागावण्याआधी ते असे हसत. "शिट्टी? बाई, कंपनीतल्या जवानाला शिट्टी कशी असेल?"

"कंपनीतच तर लागते. गाडी मागं घ्यायला, पाळी सुटली की लाइन लावायला." तिने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "धाग्याची कंपनी नही का, दादऱ्याच्या रोडला? तिचं युनिट दोन. मोठी आग लागली व्हती, पेपरात आलतं."

चाळीस वर्षं सिल्वासात काढून 'कंपनी' म्हटल्यावर ज्याला कारखाना आठवत नाही, असा माणूस या गावात शोधून सापडायचा नाही. इथे अख्खं गाव सकाळी कंपनीत जातं आणि रात्री कंपनीतून येतं. पण सरांचे कान अडीचशे वर्षं मागे लागलेले. गार्ड, युनिट, पोस्ट, ड्यूटी, एकेक शब्द त्यांनी लष्करी पोशाख चढवूनच आत घेतला होता. फायर म्हणजे त्यांना गोळीबार वाटला. सुभेदारसाहेब फौजेतून निवृत्त होऊन सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर झाले होते, एवढाच काय तो सगळ्यात फौजेचा भाग.

"पाळी चालू व्हती," बायडाबाई सांगू लागली, पुतळा अजून तळव्यांतच. "बाया आत. लाइट गेलेली, धुरात स्वतःचा हात दिसंना. गोकुळ गेटवर व्हता. तो आत पळाला नि शिट्टी वाजवत राह्यला. बाया म्हणे शिट्टीच्या आवाजावर सरपटत दाराकडे आल्या. अकरा बाया. मग शिट्टी बंद झाली."

या ठिकाणी एखाद्या चांगल्या माणसाने चार बरे शब्द उच्चारले असते. सर चांगले नव्हते असं नाही, पण त्यांच्या डोळ्यांपुढे तीन महिने होते, तेरा छटा होत्या, गरुड होता. ते म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं. मी फक्त सैनिकांचे गणवेश करतो. वॉचमनचे करत नाही."

बायडाबाईने पुतळा टेबलावर हलकेच, आडवा न होईल असा ठेवला.

"चुकलं सर. मला नीट सांगता आलं नही," ती म्हणाली आणि चपला घालून जिना उतरून गेली.

प्रमिलाताईंनी दार लावलं नाही. त्या तिथूनच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुम्हाला कळलंय."

"तुला कळलं होतं?"

"पहिल्या दिवशी. डोकमर्डीच्या कामगारवस्तीत राहणारी बाई गार्ड म्हणते तेव्हा काय म्हणते, ते भाजीवाल्यालाही कळेल. मला वाटलं, आपले सर बदलले. कधी नव्हे ते एका साध्या माणसाचं करायला बसले. मी मनात खूश होते हो."

"त्या गणवेशाचा पुरावा कुठून आणू मी? त्यांनी ड्रेसही नेला."

"आपल्या बिल्डिंगच्या गेटवर तो वॉचमन झुंबर बसतो. नऊ वर्षं झाली. येता-जाता तुम्हाला सलाम करतो. त्याच्या शर्टाचा रंग सांगा बघू."

सरांनी तोंड उघडलं. निळा? खाकी? त्यांना आठवेना. दोरी कुठल्या खांद्यावर असते, दोरी असते तरी का, टोपी कसली, काहीच येईना. त्यांनी डोळे मिटून पाहिलं. झुंबरचा हात दिसत होता, कपाळाला लागलेला, पण हातामागे माणूस नव्हता. तिथेच खुर्चीत बसून त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला जवळपास कपाटाशिवाय काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रिक्षा करून त्या कंपनीच्या गेटवर गेले. जळालेली शेड पाडून तिथे नवे पत्रे चढले होते. गेटवरचा गार्ड, नथू नावाचा, त्यांची वही बघून बिथरला. "पत्रकार आहात का काका? मला काय विचारू नका. बोललो तर ड्यूटी जाईल."

"मी ड्रॉइंगचा मास्तर आहे. मला फक्त तुमचा ड्रेस काढायचाय. गोकुळसाठी."

ते नाव ऐकल्यावर नथूने इकडेतिकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि सावधान उभा राहिला. सर म्हणाले, तसं नको, रोज उभे राहता तसे राहा. तेव्हा त्याने सगळा भार डाव्या पायावर टाकला. बारा तासांच्या पाळीत उजवा गुडघा धरतो, असं त्याने सांगितलं.

सर तीन दुपारी जात राहिले. गाड्या येत, नथू पावती बघून फाटक उघडे, सर कठड्यावर बसून वहीत चित्र काढत. फिका निळा शर्ट, गडद निळी पँट. शिट्टीची पांढरी दोरी डाव्या खांद्यावरून खिशात. बिल्ल्याखाली जुन्या बिल्ल्याची दोन भोकं, कारण शर्ट आधी दुसऱ्या कोणाचा होता. बूट स्वतःचे, कापडी, काळ्या पॉलिशने कातड्यासारखे केलेले.

"गोकुळचा ड्रेस त्याला लई ढगळ व्हायचा," नथू म्हणाला. "एजन्सीकडे दोनच मापं, मोठं नि लई मोठं. बाही इथपर्यंत यायची." त्याने बोटांच्या पेरांना हात लावून दाखवलं. "हाजिरीच्या वहीत सही करताना शाई पुसायची बाहीने. साहेब ओरडायचे." तो हसायला लागला आणि मध्येच थांबून फाटकाकडे गेला. कोणतीच गाडी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी परतताना सर डोकमर्डीला गेले. बायडाबाई खोलीबाहेर भांडी घासत होती. सरांना उभ्या आयुष्यात माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी तिला विचारलं, की बाही मनगटाच्या खाली नक्की किती येत असे. तिने राखेचा हात तसाच वर धरला, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि उत्तर देण्याआधी रडली. मग सरही तिथल्या उलट्या बादलीवर बसले आणि म्हणाले, "मी त्या दिवशी फार वाईट बोललो."

"धुळवड सव्वीस दिवसांवर आली, सर."

"माहीत आहे. होईल."

एवढ्या थोड्या दिवसांत एक पुतळा सरांनी कधी केला नव्हता. ते भल्या पहाटे बसत आणि डोळे दुखेपर्यंत उठत नसत. प्रमिलाताई ताट टेबलावर आणून देत. या वेळी चेहरा करारी केला नाही. झेरॉक्समधला डाग त्यांना आता वेगळा दिसू लागला होता. कॅमेऱ्यासमोर हसू का नको, असं विचारणारा तो एक पोरगा होता. भार डाव्या पायावर, बाही पेरांपर्यंत, पँट खाली दोनदा दुमडलेली, शिट्टी ओठांत. साच्यातून निघालेलं कथील त्यांनी कानशीने घासलं, रंग दिले, वर वार्निशचे दोन हात मारले. धुळवडीच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतः तो डोकमर्डीला घेऊन गेले.

बायडाबाईने दिव्याखाली धरून पाहिला. "बाही," एवढंच ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "मी म्हणायची, कापून आण. तो म्हणे, कंपनीचा ड्रेस आहे आई, कापता येत नही." तिने पुतळा देवघरात आपल्या आजेसासऱ्याच्या टाकाशेजारी ठेवला. त्या टाकावरचा घोडा नि स्वार घासून घासून इतके गुळगुळीत झाले होते, की कोण कुठे संपतो ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बागलाण-खानदेशातली चाळीसेक घरं दमणगंगेच्या काठी जमली. पुढे हलगी, मागे वाट्या घेतलेले लोक, वाट्यांत वीर. एरवी पाळीच्या कपड्यांत दिसणारी माणसं हळदीने पिवळी झाली होती. गर्दीत सरांना अनोळखी बायांचा एक घोळका दिसला. त्या बायडाबाईच्या मागेमागे चालत होत्या. एकीच्या मानेवर भाजल्याची खूण होती. प्रमिलाताईंनी जाऊन तिचा हात धरला. सरांनी सात मोजल्या. उरलेल्या चार जणी कदाचित पाळीवर असतील.

बायडाबाई गुडघाभर पाण्यात जाऊन एका दगडावर बसली. शेजारी तांब्या, चिंच आणि राख. जुना टाक तिने सवयीने भरभर घासला, विसळला, वाटीत ठेवला. मग गोकुळला हातात घेतलं आणि हात थांबला. तिने त्याला मांडीवर आडवं केलं. अडीच बोटांच्या त्या पुतळ्याला मांडी फार मोठी होत होती.

"आलास का रे?" ती म्हणाली. रोज कामावरून आलेल्या माणसाला विचारतात, तेवढ्याच आवाजात. "दमला असशील. सुटली बरं तुझी ड्यूटी. काढ तो ड्रेस."

आणि चिंच-राख बोटावर घेऊन ती घासू लागली.

काठावर उभ्या असलेल्या सरांचा हात आपोआप पुढे झाला. असल्या घासण्यापुढे वार्निश टिकणार नव्हतं. ते त्यांना डोकमर्डीत राखेचा हात पाहिला तेव्हाच कळायला हवं होतं. दोरीचा पांढरा रंग आधी गेला. मग बिल्ला गेला, बिल्ल्याखालची दोन भोकं गेली. तिच्या बोटांवरून फिका निळा ओघळ पाण्यात उतरला. सरांनी हात मागे घेतला आणि पाठीशी दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला.

कपडे रंगवण्याआधी अख्ख्या पुतळ्याला अंगाचा रंग द्यायचा, ही सरांची जुनी सवय. तो रंग कोणाला कधी दिसत नसे. पण वर्दीच्या आत माणूस नसेल तर वर्दी हँगरला टांगल्यासारखी दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं. आता बायडाबाईच्या अंगठ्याखाली निळा निघाला तिथे गव्हाळ खांदा वर आला. मग पाठ आली. तिने मान घासली, कानामागे नख फिरवलं, तळव्यात चूळभर पाणी घेऊन तोंड पुसलं. लहान मूल डोळ्यांत पाणी जाईल म्हणून मान फिरवतं, तेव्हा धरतात तशी तिने त्याची हनुवटी चिमटीत धरली होती.

"सर," मागे न बघता ती म्हणाली, "पाणी घालायला कोणी लागतं हो. एकटीला जमत नही."

सर चपलांसकट पाण्यात उतरले. त्यांनी वाकून तांब्या भरला, आणि ती पुरे म्हणेपर्यंत तिच्या हातांवर हळूहळू पाणी घालत राहिले.